काचेचा कारागीर : योसेफ फ्राउनहोफर

दुर्बीण म्हटले की आपल्याला गॅलिलिओ आठवतो. १६०९ साली त्याने ती आकाशाकडे वळवली, हे शाळेतच आपण पाठ केलेले असते. पण पुढे दोनशे वर्षे भिंगांच्या दुर्बिणीची वाट काचेनेच अडवली होती, हे मला ठाऊक नव्हते. मोठी, निर्दोष काच तयारच होत नसे. ती वाट मोकळी करणारे योसेफ फ्राउनहोफर कोणी प्राध्यापक नव्हते. ते आरसे करणाऱ्याकडे उमेदवारी केलेले पोर होते.

बव्हेरियातील श्ट्राउबिंग गावी ६ मार्च १७८७ रोजी एका काचकामगाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. अकराव्या वर्षी ते पोरके झाले. म्युनिचमध्ये त्यांना बिनपगारी उमेदवारीवर ठेवण्यात आले. मालकाला मुलाचे वाचन खपत नसे. २१ जुलै १८०१ रोजी मालकाचे घर कोसळले आणि ढिगाऱ्याखालून चौदा वर्षांचा योसेफ जिवंत निघाला. बव्हेरियाच्या अधिपतीने त्याला अठरा सोन्याची नाणी दिली. त्यातून त्याने काच घासण्याचे यंत्र घेतले आणि उरलेली उमेदवारीही सोडवून घेतली. उत्श्नायडर या कारखानदाराने पुस्तके दिली. घर पडले तेव्हा कुठे त्याच्या हाती विद्या आली!

१८०६ साली ते उत्श्नायडरच्या कारखान्यात लागले. साध्या भिंगातून ताऱ्याभोवती रंगांची कड दिसते. दोन प्रकारच्या काचांची भिंगे जोडली तर ती बरीच कमी होते. पण त्यासाठी प्रत्येक रंगाचे वक्रीभवन अचूक मोजावे लागते. हे मोजताना १८१४ साली त्यांना सूर्याच्या वर्णपटात शेकडो काळ्या रेषा दिसल्या. त्यांनी त्याच रेषा मापनाच्या खुणा म्हणून वापरल्या. सूर्यावर कोणती मूलद्रव्ये आहेत हे याच रेषांवरून पुढे कळले.

१८२४ साली त्यांची सुमारे २४ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाची दुर्बीण डोर्पाटच्या वेधशाळेत बसली. घड्याळाच्या यंत्रणेमुळे ती ताऱ्यामागोमाग आपोआप फिरत असे. इतके करूनही, विद्यापीठाचे शिक्षण नाही म्हणून म्युनिचच्या अकादमीत त्यांच्या निवडीला काही विद्वानांनी विरोध केला. ७ जून १८२६ रोजी, वयाच्या अवघ्या ३९व्या वर्षी, क्षयाने त्यांचा अंत झाला.

त्यांचे काम मात्र थांबले नाही. त्यांच्या उपकरणाने बेसेल यांनी १८३८ साली एका ताऱ्याचे अंतर काढले. १८४६ साली बर्लिनमध्ये नेपच्यून सापडला, तोही त्यांच्याच कारखान्याच्या दुर्बिणीतून.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. मला वाचू नको म्हणणारा कोणी मालक नाही. तरीही ग्रंथालयातून आणलेले पुस्तक कित्येकदा न उघडताच मी परत करतो. हे चरित्र वाचल्यापासून त्याची मला लाज वाटू लागली आहे.