माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन

जिल्हा, संस्थान व जहागीर हे शब्द आम्ही इतिहासाच्या तासास पाठ करितों. परंतु त्यांतील भेद किती महत्त्वाचा असतो, हें एल्फिन्स्टनसाहेबांच्या चरित्रावरून चांगलें समजतें.

त्यांचा जन्म १७७९ सालीं स्कॉटलंडमधील एका सरदार घराण्यांत झाला. १७९६ सालीं, ऐन पोरवयांत, ते कंपनीच्या नोकरीवर कलकत्त्यास आले. पुढें नागपुरास व १८११ पासून पुण्यास पेशव्यांच्या दरबारीं ते रेसिडेंट होते. ता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली. त्या दिवशीं संगमावरील त्यांचा बंगला ग्रंथसंग्रहासह जळून खाक झाला. पुढच्याच वर्षीं पेशवाई बुडाली, आणि जिंकलेल्या मुलखाची व्यवस्था लावण्याचें काम त्यांच्याकडेच आलें.

मनांत सूड न धरितां त्यांनीं तें काम केलें. खालसा मुलखाचे पुणें, अहमदनगर, खानदेश व धारवाड असे भाग पाडून प्रत्येकावर एकेक कलेक्टर नेमिला. परंतु गांवोगांवचे पाटील-कुळकर्णी पूर्ववत् ठेविले. पटवर्धनादि सरदारांच्या जहागिरी त्यांच्याकडेच राहूं दिल्या. नीरेपासून दक्षिणेस वारणा व कृष्णा ह्या नद्यांपर्यंतचा मुलूख वेगळा काढून सातारचें संस्थान स्थापिलें, व १८१९ च्या तहानें तें छत्रपति प्रतापसिंह महाराजांस दिलें. ह्यांत निव्वळ औदार्य होतें असें नाहीं. लोक असंतुष्ट झाल्यास नवें राज्य टिकणार नाहीं, हा धोरणी हिशेबही होता.

१८१९ ते १८२७ पर्यंत ते मुंबईचे गव्हर्नर होते. त्या काळांत त्यांनीं शिक्षणास उत्तेजन दिलें व कायद्यांचा संग्रह करविला. स्वदेशीं परतल्यावर गव्हर्नर-जनरलचें पद देऊं केलें असतां त्यांनीं तें नाकारिलें, आणि १८४१ सालीं हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला.

१८४८ सालीं सातारचे महाराज औरस संततीवांचून वारले. लॉर्ड डलहौसी यांनीं दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा केलें. हें ऐकून वृद्ध एल्फिन्स्टन यांस अत्यंत विषाद वाटला. तहानें मान्य केलेलें राज्य जहागिरीप्रमाणें परत घेणें त्यांस घोर अन्याय वाटे. परंतु आतां त्यांच्या हातीं सत्ता नव्हती. १८५९ सालीं ते निवर्तले.

एका शब्दाच्या अर्थावर एक राज्य राहिलें असतें वा गेलें. नकाशांत रंग भरतांना, प्रत्येक रंगामागें कोणास तरी दिलेलें वचन असतें, हें आम्ही विसरूं नये.