सँड्रा श्मिर्लर

सँड्रा मरी श्मिर्लर (जन्म: ११ जून, १९६३, मृत्यू: २ मार्च, २०००) या कॅनडाच्या कर्लिंगपटू होत्या. १९९३, १९९४ आणि १९९७ साली त्यांच्या संघाने महिलांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये महिला कर्लिंगचे पहिले सुवर्णपदक याच संघाला मिळाले. या यशानंतर सुमारे दोन वर्षांनी, वयाच्या ३६ व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

बालपण आणि शिक्षण

श्मिर्लर यांचा जन्म सास्काचेवान प्रांतातील बिगर या लहानशा गावी झाला. गव्हाच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेल्या या मैदानी प्रदेशात हिवाळा दीर्घ आणि कडक असतो. त्यामुळे येथील गावागावांत कर्लिंगची बंदिस्त मैदाने आढळतात. शाळेत सातव्या इयत्तेत असताना शारीरिक शिक्षणाच्या तासाला त्यांची या खेळाशी ओळख झाली. शालेय जीवनाच्या अखेरच्या वर्षी, १९८१ मध्ये, त्यांच्या शाळेच्या संघाने प्रांताचे आंतरशालेय विजेतेपद मिळवले. त्या संघात त्या तिसऱ्या क्रमांकावर खेळत होत्या.

पुढील शिक्षणासाठी त्या सास्काटून येथील सास्काचेवान विद्यापीठात दाखल झाल्या. प्रारंभी निवडलेला संगणकशास्त्र हा विषय सोडून त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली. १९८५ मध्ये पदवीधर झाल्यावर त्या प्रांताची राजधानी रेजायना येथे स्थायिक झाल्या आणि शहरातील एका क्रीडा व करमणूक केंद्रात नोकरी करू लागल्या. त्या काळी कर्लिंगवर उदरनिर्वाह करणे शक्य नव्हते. सराव आणि स्पर्धा नोकरी सांभाळूनच कराव्या लागत.

खेळाचे स्वरूप

कर्लिंगमध्ये प्रत्येक संघात चार खेळाडू असतात. बर्फाच्या लांब पट्टीवरून सुमारे २० किलोग्रॅम वजनाचे ग्रॅनाइटचे दगड सरकवून ते पलीकडच्या वर्तुळाच्या मध्याजवळ थांबवायचे असतात. सहकारी दगडापुढील बर्फ ब्रशने घासून त्याचा वेग व वळण नियंत्रित करतात. प्रत्येक फेरीला एंड म्हणतात आणि प्रत्येक एंडमध्ये दर खेळाडूला दोन दगड मिळतात. डावपेच ठरवणाऱ्या कर्णधाराला स्किप म्हणतात. बहुधा संघाचे शेवटचे दोन दगड स्किपच टाकतो, त्यामुळे सामन्याचा निकाल अनेकदा त्याच्या अखेरच्या दगडावर अवलंबून असतो.

स्वतंत्र संघाची स्थापना

रेजायना येथे श्मिर्लर कॅथी फाहलमन यांच्या संघातून खेळू लागल्या. १९८७ मध्ये या संघाने प्रांताचे विजेतेपद पटकावले आणि महिलांच्या कॅनडा अजिंक्यपदाच्या स्कॉट टूर्नामेंट ऑफ हार्ट्स या स्पर्धेत सास्काचेवानचे प्रतिनिधित्व केले. जॅन बेटकर याही त्या संघात होत्या.

१९९० मध्ये श्मिर्लर व बेटकर यांनी स्वतःचा संघ उभारला. तोपर्यंत प्रामुख्याने तिसऱ्या क्रमांकावर खेळलेल्या श्मिर्लर यांच्याकडे स्किपची जबाबदारी आली. बेटकर तिसऱ्या, जोन मॅककस्कर दुसऱ्या आणि मार्शा गुडराइट पहिल्या क्रमांकावर खेळू लागल्या. या चौघींचा संघ पुढील दशकभर कायम राहिला. पहिल्याच हंगामात त्यांनी प्रांतिक विजेतेपद मिळवले, मात्र १९९१ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना अजिंक्यपद मिळाले नाही.

जागतिक विजेतेपदे

१९९३ मध्ये मॅनिटोबातील ब्रँडन येथे या संघाने प्रथमच राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्यानंतर जिनिव्हा येथील जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी जर्मनीचा पराभव केला. गतविजेत्यांना पुढील वर्षी कॅनडा या नावाने थेट प्रवेश मिळत असे. त्या नात्याने खेळताना त्यांनी १९९४ चे राष्ट्रीय विजेतेपदही राखले आणि जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ येथे स्कॉटलंडला नमवून सलग दुसरे जागतिक विजेतेपद मिळवले. त्या काळात श्मिर्लर पीटरसन हे आडनाव लावत असल्याने या वर्षांच्या नोंदींत त्यांचे नाव सँड्रा पीटरसन असे आढळते.

१९९७ मध्ये संघाने तिसरे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि बर्न येथे अंतिम सामन्यात नॉर्वेला हरवले. स्किप म्हणून तीन जागतिक विजेतेपदे मिळवणाऱ्या श्मिर्लर या पहिल्या महिला ठरल्या.

ऑलिंपिक सुवर्णपदक

१९९८ च्या ऑलिंपिकसाठी कॅनडाचा संघ निवडणारी स्पर्धा नोव्हेंबर १९९७ मध्ये ब्रँडन येथे झाली. सप्टेंबरमध्येच श्मिर्लर यांना पहिली कन्या झाली होती. प्रसूतीनंतर जेमतेम दोन महिन्यांत त्या या स्पर्धेत उतरल्या. शॅनन क्लाइब्रिंक यांच्या संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात, सातव्या एंडमध्ये, त्यांनी आपला दगड कडेच्या दगडावर आदळून आत वळवला आणि वर्तुळातील प्रतिस्पर्ध्यांचा दगड बाहेर काढला. या एका फेकीने संघाला ३ गुण मिळाले. सामना त्यांनी ९–६ असा जिंकला. ही फेक कॅनडाच्या कर्लिंगमधील सर्वांत प्रसिद्ध फेकींपैकी एक मानली जाते.

नागानो ऑलिंपिकमधील कर्लिंगचे सामने कारुइझावा येथे झाले. महिला कर्लिंगसाठी ऑलिंपिक पदके देण्याची ही पहिलीच वेळ होती. साखळी फेरीत कॅनडाने सातपैकी सहा सामने जिंकले. उपांत्य सामन्यात ब्रिटनवर जादा एंडमध्ये ६–५ असा निसटता विजय मिळाला. १५ फेब्रुवारी, १९९८ रोजी अंतिम सामन्यात कॅनडाने डेन्मार्कला ७–५ असे पराभूत केले. अटीना फोर्ड या संघाच्या राखीव खेळाडू, तर अनिता फोर्ड प्रशिक्षक होत्या.

मायदेशी परतल्यावर लगेचच रेजायना येथे झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत हा संघ गतविजेता म्हणून उतरला, परंतु घरच्या प्रेक्षकांसमोर त्यांना विजेतेपद राखता आले नाही.

आजारपण आणि निधन

१९९९ हे वर्ष श्मिर्लर यांच्यासाठी कठीण ठरले. त्यांच्या वडिलांचे कर्करोगाने निधन झाले. जूनअखेरीस त्यांना दुसरी कन्या झाली. त्यानंतर सुरू झालेल्या पाठदुखीची व पचनाच्या तक्रारींची तपासणी करताना हृदयाच्या मागील बाजूस कर्करोगाची गाठ आढळली. उपचार सुरू असतानाच, फेब्रुवारी २००० मध्ये, मंक्टन येथील राष्ट्रीय कनिष्ठ गट स्पर्धेसाठी त्यांनी दूरचित्रवाणीवर समालोचक म्हणून काम केले. तेथील पत्रकार परिषदेत त्या आपल्या आजाराविषयी मोकळेपणाने बोलल्या. त्यानंतर काही आठवड्यांतच, २ मार्च, २००० रोजी, रेजायना येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या अंत्यविधीचे देशभर थेट प्रक्षेपण करण्यात आले. सास्काटून येथे त्याच वेळी पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा चालू होती. तेथील सामने अंत्यविधीसाठी उशिरा सुरू करण्यात आले आणि जमलेल्या प्रेक्षकांनाही तो दाखवण्यात आला.

सन्मान आणि स्मृती

२००० मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय क्रीडा सन्मान दालनात त्यांचा समावेश करण्यात आला. महिलांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. रेजायना शहरातील एका क्रीडा केंद्राला आणि जन्मगावी बिगर येथील एका उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. २००९ मध्ये जागतिक कर्लिंग महासंघाने त्यांचा मरणोत्तर गौरव केला.

त्यांच्या स्मरणार्थ २००१ मध्ये स्थापन झालेले सँड्रा श्मिर्लर प्रतिष्ठान अकाली जन्मलेल्या व गंभीर आजारी नवजात बालकांसाठी कॅनडातील रुग्णालयांना जीवरक्षक उपकरणे घेण्यास निधी पुरवते. २०१९ मध्ये कॅनडातील टीएसएन या क्रीडावाहिनीने तज्ज्ञांचे मत घेऊन केलेल्या क्रमवारीत श्मिर्लर यांना देशाच्या आजवरच्या सर्वश्रेष्ठ महिला कर्लिंगपटूंमध्ये दुसरे स्थान देण्यात आले.