नियमांत न बसलेला विजेता : नॅथनेल हेरेशॉफ

जून १८७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे पूर्ण होत होती आणि देशभर उत्सवाचे वातावरण होते. फिलाडेल्फियात भव्य औद्योगिक प्रदर्शन भरले होते, तर न्यूयॉर्कच्या उपसागरात शिडाच्या नौकांची शताब्दी शर्यत आयोजिली होती. या शर्यतीत लहान नौकांच्या गटात एक विचित्र आकाराची बोट उतरली. तिचे नाव 'अमॅरिलिस'. एका बोटीऐवजी दोन अरुंद, लांबट होड्या शेजारी शेजारी ठेवून त्या आडव्या तुळयांनी जोडल्या होत्या आणि मधल्या फळीवर डोलकाठी उभारली होती. लांबी जेमतेम पंचवीस फूट. सुकाणूवर बसले होते अठ्ठावीस वर्षांचे एक अबोल अभियंते, नॅथनेल ग्रीन हेरेशॉफ.

वारा वाढला तशी 'अमॅरिलिस' एकेका नौकेला मागे टाकत गेली. नामांकित नौका आणि त्यांचे मुरलेले खलाशी पाहतच राहिले. शर्यत तिने मोठ्या फरकाने जिंकली. पण किनाऱ्यावर परतताच तक्रारींचा पाऊस पडला. ही बोटच नव्हे, अशी हरकत पराभूतांनी घेतली. पंचांनी ती मान्य केली आणि 'अमॅरिलिस'ला बाद ठरवले. हेरेशॉफ यांनी कोणताही नियम मोडला नव्हता. त्यांनी बांधलेल्या वस्तूसाठी नियमावलीत जागाच नव्हती, एवढाच त्यांचा अपराध होता.

पुढे याच माणसाने अमेरिकेच्या नौकानयनावर जवळजवळ अर्धशतक अधिराज्य गाजवले. 'ब्रिस्टलचा जादूगार' म्हणून जग त्यांना ओळखू लागले. मात्र ज्या कल्पनेसाठी त्यांना शर्यतीतून बाहेर काढले गेले, तिला न्याय मिळायला संपूर्ण शतक जावे लागले.

अंध भावाचे डोळे

हेरेशॉफ यांचा जन्म १८ मार्च १८४८ रोजी ऱ्होड आयलंड राज्यातील ब्रिस्टल या किनारी गावात झाला. नऊ भावंडांच्या या कुटुंबावर दैवाची विचित्र छाया होती. त्यांतील अनेकांची दृष्टी बालपणीच गेली. नॅथनेल यांच्याहून सात वर्षांनी मोठे असलेले बंधू जॉन ब्राउन हेरेशॉफ वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास पूर्ण अंध झाले. जॉन यांना बोटी बांधण्याचे वेड होते आणि दृष्टी गेल्यावरही ते सुटले नाही. लाकडी नमुन्यावरून हात फिरवून ते त्याच्या वळणाचा अचूक अंदाज घेत. धाकटा नॅट लहानपणापासून त्यांच्यासोबत समुद्रावर जाई. बोट हाकताना तो भावाचे डोळे बने.

१८६० साली जॉन एकोणीस वर्षांचे आणि नॅट बारा वर्षांचा असताना वडिलांच्या मदतीने या भावंडांनी 'स्प्राइट' नावाची वीस फुटी बोट बांधली. तिचे मोजमाप आणि आकडेमोड बारा वर्षांच्या नॅटने केली होती. ही बोट आजही जपून ठेवलेली आहे. कारागिरीला गणिताची जोड देण्याची जी रीत पुढे हेरेशॉफ यांची ओळख ठरली, तिची सुरुवात या छोट्या बोटीपासून झाली.

नॅट यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या तेव्हा अगदी नव्या असलेल्या संस्थेत यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. त्यानंतर प्रॉव्हिडन्स येथील कॉर्लिस यांच्या वाफेच्या इंजिनांच्या कारखान्यात ते नोकरीला लागले. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनातील सारी यंत्रे ज्या चौदाशे अश्वशक्तीच्या अवाढव्य इंजिनावर चालत, ते याच कारखान्याचे. दिवसा वाफेची यंत्रे आणि उरलेल्या वेळात शिडाच्या नौका, असा त्यांचा दिनक्रम होता. 'अमॅरिलिस'ही या फावल्या वेळातच घडली.

दोन होड्यांचे गणित

'अमॅरिलिस'चे वेगळेपण समजण्यासाठी त्या काळच्या शर्यतीच्या बोटींकडे पाहायला हवे. त्या रुंद, उथळ असत आणि त्यांवर अवास्तव मोठे शीड चढवलेले असे. वाऱ्याच्या जोराने बोट कलंडू नये म्हणून आत वाळूची पोती भरत. वळण घेताना खलाशी ती पोती एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ओढत नेत. यात जरा चूक झाली की बोट पाण्यात उलटे. म्हणजे मोठ्या शिडाने वेग मिळवायचा आणि ते शीड पेलण्यासाठी पुन्हा वजन वाहायचे, असा हा उलटा व्यवहार होता.

हेरेशॉफ यांनी या व्यवहाराच्या मुळावरच घाव घातला. बोटीला स्थैर्य देण्याचे काम त्यांनी वजनाकडून काढून रुंदीकडे सोपवले. दोन होड्यांमध्ये पुरेसे अंतर ठेवले की वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची होडी बोटीला आधार देते. मग वाळू नको आणि तळाचा जड भारही नको. होड्या अरुंद असल्याने पाणी कापताना लाटा कमी उठतात आणि वेगाला होणारा अडथळाही घटतो. आणखी एक अडचण होती. खवळलेल्या पाण्यात दोन होड्या वेगवेगळ्या लाटांवर चढतात आणि त्यांना जोडणाऱ्या तुळयांवर प्रचंड ताण येतो. त्यासाठी हेरेशॉफ यांनी जोडणीत उखळी सांधे बसवले. माणसाच्या खांद्याचे हाड जसे खोबणीत फिरते, तशी प्रत्येक होडी आपल्यापुरती वरखाली होऊ शके. या रचनेचे एकस्व त्यांना १० एप्रिल १८७७ रोजी मिळाले.

अशा नौकेला इंग्रजीत 'कॅटामरान' म्हणतात. हा शब्द मूळचा आपल्या देशातला. तमिळमधील 'कट्टुमरम', म्हणजे बांधलेली लाकडे, यावरून तो आला. कोरोमंडल किनाऱ्यावरील कोळ्यांचा कट्टुमरम हा ओंडक्यांचा तराफा होता. दोन होड्या जोडण्याची परंपरा मात्र पॅसिफिक महासागरातील बेटांवरची. इंग्रजांनी तमिळ नाव उचलले आणि ते दुसऱ्याच नौकेला चिकटले. आपल्या कोकणात होडीला बाजूने उलांडी बांधतात, त्यामागचे तत्त्वही हेच. किनाऱ्यावरच्या निरक्षर कोळ्यांनी शतकानुशतके वापरलेले हे शहाणपण न्यूयॉर्कच्या धनिकांच्या नियमपुस्तकात नव्हते.

१८७६ च्या निकालानंतर हेरेशॉफ यांनी ही वाट लगेच सोडली नाही. पुढील काही वर्षांत त्यांनी 'टॅरंटेला', 'जॉन गिल्पिन' अशा आणखी जोडनौका बांधल्या आणि स्वतः हाकल्या. पण नेहमीच्या शर्यतींत या नौकांना प्रवेश नव्हता. ज्या बोटीला शर्यतच नाही, ती विकत कोण घेणार? गिऱ्हाईक तुटपुंजे राहिले आणि ही कल्पना हळूहळू मागे पडली.

वाफ, वेग आणि एक डाग

१८७८ मध्ये दोघा बंधूंनी हेरेशॉफ मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली. अंध जॉन व्यवहार आणि कारखाना पाहत, नॅथनेल आराखडे करत. सुरुवातीची वर्षे वाफेच्या नौकांची होती. १८८५ मध्ये त्यांच्या 'स्टिलेटो'ने हडसन नदीवरील वेगासाठी प्रसिद्ध असलेल्या 'मेरी पॉवेल' या आगबोटीला मागे टाकले. पुढे अमेरिकी नौदलाने ती टॉर्पेडो बोट म्हणून विकत घेतली. नौदलाची पहिल्या क्रमांकाची टॉर्पेडो बोट 'कुशिंग' हीदेखील ब्रिस्टललाच तयार झाली.

वेगाच्या या ध्यासाला एक काळी बाजूही आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. १८८८ मध्ये 'से व्हेन' या वाफेच्या नौकेची चाचणी चालू होती. अधिक दाब मिळावा म्हणून हेरेशॉफ यांनी बाष्पकाची सुरक्षा झडप बंद ठेवली. बाष्पकाचा स्फोट झाला आणि एका माणसाचा प्राण गेला. चौकशीत हेरेशॉफ यांच्यावर ठपका आला आणि त्यांचा वाफेच्या यंत्रांचा परवाना रद्द झाला. बारा वर्षांपूर्वीच्या निकालात अन्याय झाला असे म्हणता येते. या निकालाबद्दल तसे म्हणता येत नाही.

या घटनेनंतर काही वर्षांतच ते पुन्हा शिडांकडे वळलेले दिसतात आणि इथून त्यांच्या कारकिर्दीचे सुवर्णयुग सुरू होते.

चषकाचे रखवालदार

१८९१ मध्ये त्यांची 'ग्लोरियाना' पाण्यात उतरली. नाळेखालचा भाग कापून तिला त्यांनी वेगळेच वळण दिले होते. त्या हंगामात ती आठ शर्यतींत उतरली आणि आठही जिंकली. मग 'अमेरिका चषक' या नौकानयनातील सर्वांत प्रतिष्ठेच्या स्पर्धेसाठी नौका बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. १८९३ मध्ये 'व्हिजिलंट' जिंकली. तिचे सुकाणू त्यांनी स्वतः सांभाळले होते. त्यानंतर १८९५ मध्ये 'डिफेंडर', १८९९ आणि १९०१ मध्ये 'कोलंबिया', १९०३ मध्ये 'रिलायन्स' आणि १९२० मध्ये 'रिझोल्यूट'. पाच नौका, सहा विजय आणि पराभव एकही नाही. चहामुळे आपल्याकडे घरोघरी नाव पोहोचलेले सर थॉमस लिप्टन यांनी 'शॅमरॉक' नावाच्या चार नौका घेऊन या काळात आव्हान दिले. चारही वेळा त्यांची गाठ हेरेशॉफ यांच्याच नौकेशी पडली आणि चारही वेळा ते हात हलवत परतले.

या नौका म्हणजे धाडसी प्रयोग होते. 'डिफेंडर'मध्ये त्यांनी वजन वाचवण्यासाठी पोलाद, कांसे आणि ॲल्युमिनियम एकत्र वापरले. खाऱ्या पाण्यात हे धातू एकमेकांना खाऊ लागले आणि नौका अल्पायुषी ठरली. 'रिलायन्स' जवळपास १४४ फूट लांब होती. तिच्यावर सोळा हजार चौरस फुटांहून अधिक शीड चढत असे आणि ते हाताळायला साठांहून अधिक खलाशी लागत.

इतक्या मोठ्या नौका घडवणाऱ्या या माणसाची कामाची पद्धत मात्र साधी होती. आधी ते हाताने लाकडाचा अर्धनमुना कोरत. त्याची वळणे मनासारखी झाली की त्यावरून मापे घेत. दोन हजारांहून अधिक नौकांचे आराखडे त्यांच्या हातून झाले. १९१४ मध्ये मुलांना शिकण्यासाठी त्यांनी आराखडलेली साडेबारा फुटी जलरेषेची छोटी बोट इतकी सुबक ठरली की त्या धर्तीच्या बोटी आजही बांधल्या जातात.

विसाव्या शतकाच्या आरंभी शर्यतीतील नौकांच्या मोजमापासाठी नव्या नियमाची गरज भासली. लांबी, शिडाचे क्षेत्रफळ आणि नौकेचे वजन यांचा मेळ घालणारा हा नियम हेरेशॉफ यांनीच तयार करून दिला आणि न्यूयॉर्क यॉट क्लबने तो स्वीकारला. ज्यांना एकेकाळी नियमांबाहेरचे ठरवले होते, त्यांच्याच हातून नियम घडले.

शंभर वर्षांनंतरचा न्याय

१९१५ मध्ये जॉन यांचे निधन झाले आणि दोनच वर्षांत कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली. हेरेशॉफ वृद्धापकाळी हिवाळा बर्म्युडात घालवत आणि स्वतःसाठी बांधलेली 'अलेरियन' ही छोटी बोट हाकत. १९३३ मध्ये ब्रिस्टलला 'अमॅरिलिस' हे नाव धारण करणारी दुसरी जोडनौका तयार झाली, तेव्हा ते पंच्याऐंशी वर्षांचे होते. २ जून १९३८ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी ब्रिस्टलमध्येच त्यांनी जगाचा निरोप घेतला.

ऑलिंपिकमध्ये जोडनौकांना प्रथम स्थान मिळाले ते 'टॉर्नेडो' या वर्गाच्या रूपाने, १९७६ मध्ये. 'अमॅरिलिस'ला बाद ठरवल्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. १९८८ मध्ये खुद्द अमेरिका चषकात एक कॅटामरान उतरली आणि जिंकली. पुन्हा तीच हरकत निघाली आणि या वेळी वाद कोर्टात गेला. १९९० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने कॅटामरानचा विजय कायम केला. २०१३ आणि २०१७ चे चषक तर केवळ कॅटामरानमध्येच लढवले गेले.

हेरेशॉफ यांना ब्रिस्टलचा जादूगार म्हटले गेले ते त्यांच्या उत्तुंग शिडांच्या राजेशाही नौकांमुळे. त्या नौकांपैकी बहुतेक भंगारात गेल्या. 'रिलायन्स'ची तर दहा वर्षांतच मोडतोड झाली. पण अठ्ठाविसाव्या वर्षी फावल्या वेळात बांधलेल्या आणि पंचांनी नाकारलेल्या त्या पंचवीस फुटी जोडनौकेची कल्पना आज जगातल्या असंख्य किनाऱ्यांवर वाऱ्याशी शर्यत करते आहे. शर्यतीचा निकाल पंच देतात. कल्पनेचा निकाल लागायला कधी कधी शंभर वर्षे लागतात.