रस्ता बांधणारा राजा

सेकंड इयरची परीक्षा संपली आणि आम्ही हॉस्टेलचे पाच जण साताऱ्याहून एस.टी.ने महाबळेश्वरला निघालो. मेढा मागे पडलं, केळघरचा घाट लागला आणि खिडकीच्या सीटसाठी मारामारी सुरू झाली. वर पोचलो तर बरेचसे पॉइंट साहेबांच्या नावाचे. एल्फिन्स्टन, लॉडविक, कार्नाक. सिव्हिलवाल्या मित्राने विचारलं, अरे पण एवढ्या डोंगरात पहिल्यांदा रस्ता केला कोणी? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी पलूसचा. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा होईपर्यंत आमचा भाग सातारा जिल्ह्यातच होता. पण मला काही सांगता येईना. कॉन्व्हेंटच्या पुस्तकात सातारा म्हणजे डॉक्ट्रिन ऑफ लॅप्सच्या यादीतलं एक नाव, बस्स. परत आल्यावर लायब्ररी गाठली.

साताऱ्याहून वर जाणारा चांगला गाडीरस्ता केला छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी. त्यांचा जन्म १७९३ चा. तरुणपण पेशव्यांच्या नजरकैदेत गेलं. १८१८ साली आष्टीच्या लढाईत ते इंग्रजांच्या हाती आले आणि त्याच वर्षी त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवण्यात आलं. गादी मिळाली, पण शेजारी इंग्रज रेसिडेंट कायमचा बसला. तरी महाराजांनी वेळ फुकट घालवला नाही. शाळा काढली, शहरात पाणी आणलं, वाडा बांधला. त्याच जुन्या राजवाड्यातल्या शाळेत पुढे १९०० साली छोटे भीमराव आंबेडकर दाखल झाले.

१८२४ मध्ये लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी महाबळेश्वरच्या डोंगरावर चढला आणि तिथल्या हवेबद्दल त्याने पेपरात लिहिलं. १८२६ मध्ये रेसिडेंट ब्रिग्जने तिथे घर बांधलं आणि महाराजांना रस्ता करायला राजी केलं. रस्ता झाला तशी वर गर्दी वाढली. गव्हर्नर माल्कमने १८२८ मध्ये आजारी गोऱ्या सोल्जरांसाठी हॉस्पिटल सुरू केलं. मग गव्हर्नरचा बंगला, रेसिडेंटचा बंगला, सरकारी इमारती, पारशाचं दुकान, असं सगळं उभं राहिलं. १८२९ च्या तहात महाराजांनी ती जागा कंपनीला दिली आणि बदल्यात खंडाळा गाव घेतलं. नव्या वस्तीचं नाव पडलं माल्कम पेठ. म्हणजे रस्ता राजाचा आणि नाव गव्हर्नरचं!

खरी गोष्ट पुढेच आहे. महाराज आपल्या हक्कासाठी भांडू लागले, तसे ते साहेबांना खुपू लागले. कंपनीच्या शिपायांना फितवलं, गोव्याच्या पोर्तुगीजांशी कट केला, असे आरोप झाले. १८३६ मध्ये तीन जणांची चौकशी समिती बसली. त्यातला एक होता लॉडविक, तोपर्यंत साताऱ्याचा रेसिडेंट झालेला. १८३९ मध्ये गव्हर्नर कार्नाक स्वतः साताऱ्याला आला. त्याने पर्याय ठेवला, की गुन्हा कबूल करा आणि राज्य ठेवा. एक सही केली असती तर सगळं वाचलं असतं. महाराजांनी नकार दिला.

त्याच सप्टेंबरात त्यांना गादीवरून काढलं आणि काशीला नेलं. त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षे त्यांची बाजू मांडत राहिले, पण उपयोग झाला नाही. १८४७ मध्ये महाराज काशीलाच वारले. पुढच्याच वर्षी सातारा खालसा झालं.

आज माल्कम पेठ हे नाव कोणी घेत नाही. लॉडविक पॉइंटवर मात्र लॉडविकच्या मुलाने उभारलेला स्तंभ अजून आहे. चौकशी करणाऱ्याचं नाव पॉइंटला मिळालं आणि रस्ता करणारा परमुलखात गेला.

उद्या आपण इंजिनिअर होऊ. रस्ते बांधू, बिलांवर आणि रिपोर्टवर सह्या करू. कधीतरी कोणीतरी समोर खोटा कागद सरकवेल आणि म्हणेल, सही कर, नोकरी ठेव. त्या दिवशी घाटातला हा राजा आपल्याला आठवला पाहिजे.