आतले जग दाखवणारा चित्रकार : लिओनार्दो दा विंची



विज्ञानाच्या पेपरात 'हृदयाचा उभा छेद काढून भागांना नावे द्या' असा प्रश्न आला की तुमच्यापैकी बरेच जण सुस्कारा सोडतात. वरचे आवरण बाजूला करून आतली रचना दाखवणारी अशी छेदचित्रे विमानांची, जहाजांची, मोठमोठ्या इमारतींचीही असतात. पाचशे वर्षांपूर्वी ही कला फार उंचीवर नेणाऱ्या एका थोर माणसाची ही ओळख.

लिओनार्दो दा विंची यांचा जन्म १५ एप्रिल १४५२ रोजी इटलीतील विंची गावाच्या परिसरात झाला. वडील दस्तऐवज लिहिणारे नोटरी होते. आईवडिलांचा आपसात विवाह झालेला नव्हता, त्यामुळे वडिलांचा व्यवसाय मुलाकडे आला नाही. त्या काळी विद्वानांचे ग्रंथ लॅटिनमध्ये असत आणि ती भाषा लिओनार्दोंना लहानपणी रीतसर शिकायला मिळाली नाही. मोठेपणी शब्दांच्या लांबच लांब याद्या करून त्यांनी ती शिकण्याची खटपट केली. पण त्यांचा खरा भरवसा डोळ्यांवर आणि हातावर होता.

फ्लॉरेन्स शहरात वेरोक्यो यांच्या कार्यशाळेत ते चित्रकला, मूर्तिकला व धातुकाम शिकले. १४८२ च्या सुमारास ते मिलानला गेले. तिथे त्यांच्या वह्या भरू लागल्या. भार उचलणाऱ्या एका यंत्राचे त्यांचे चित्र प्रसिद्ध आहे. एका बाजूला जोडलेले यंत्र आणि शेजारी त्याचेच सगळे भाग सुटे करून, ज्या क्रमाने बसतात त्याच क्रमाने मांडलेले. ते पाहून एखादा कारागीर यंत्राची जोडणी सहज समजू शकेल. १४८९ मध्ये त्यांनी माणसाची कवटी चिरून तिची चित्रे काढली. त्यातल्या एका चित्रात अर्धा चेहरा तसाच ठेवला आहे आणि अर्ध्याचे वरचे हाड काढून आतली पोकळी दाखवली आहे. बाहेर काय आणि आत काय, हे एका नजरेत कळते.

१५०७-०८ च्या हिवाळ्यात फ्लॉरेन्सच्या एका इस्पितळात अत्यंत वृद्ध माणसाचे शांतपणे निधन झाले. मृत्यूचे कारण शोधण्यासाठी लिओनार्दोंनी शवविच्छेदन केले आणि आकसलेल्या रक्तवाहिन्यांची नोंद केली. पुढे हृदयाची झडप कशी मिटते हे समजावे म्हणून त्यांनी काचेचे प्रतिरूप योजले. त्यातून पाणी वाहू द्यायचे आणि पाण्यात गवताचे बी टाकून भोवरे पाहायचे. हे भोवरे झडप मिटायला मदत करतात हा त्यांचा तर्क विसाव्या शतकात प्रयोगांनी खरा ठरला.

मग या ज्ञानाचा जगाला तेव्हाच उपयोग का झाला नाही? कारण ते वहीतच राहिले. मार्कांतोनियो देल्ला तोर्रे या तरुण वैद्यकशिक्षकाबरोबर त्यांचे शरीररचनेचे काम चालू होते, पण १५११ मध्ये त्या शिक्षकाचा प्लेगने मृत्यू झाला. ग्रंथ अपुरा राहिला. २ मे १५१९ रोजी फ्रान्समध्ये लिओनार्दोंचे निधन झाले. शिष्य मेल्झी यांनी कागद जिवापाड सांभाळले. त्यांच्यानंतर मात्र ते पांगले. दरम्यान १५४३ मध्ये वेसालियस यांनी शरीररचनेवरचा आपला सचित्र ग्रंथ छापला आणि आधुनिक शरीरशास्त्राचा पाया घातल्याचा मान त्यांना मिळाला. लिओनार्दोंची ही चित्रे नीट छापली जायला १८९८ साल उजाडावे लागले.

मुलांनो, जिज्ञासा लिओनार्दोंकडून शिका. प्रत्येक वस्तूच्या आत काय आहे, हे विचारा. पण त्यांच्या आयुष्यातली दुसरी गोष्टही विसरू नका. दरवर्षी आमच्यासमोर प्रात्यक्षिकाच्या काही वह्या अशा येतात की आकृत्या सुरेख, पण अर्धवट. एवढ्या प्रतिभावंताचे अपुरे काम जगाला तीनशे वर्षांहून अधिक काळ उपयोगी पडले नाही. तेव्हा आकृती काढा, नावे द्या, आणि वही वेळेवर पूर्ण करून दाखवा.