कर्मयोगी ठक्करबाप्पा

अमृतलाल ठक्कर पुण्यात शिकून इंजिनिअर झाले, मुंबई महापालिकेत लागले. तिथे सफाई कामगारांच्या वस्त्या त्यांनी जवळून पाहिल्या. पगार हाती पडला की सावकाराकडे जाई! १९१४ मध्ये नोकरी सोडून ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात आले. कामगारांना कर्जातून सोडवायला सहकारी सोसायटी काढली. कोरड्या उपदेशाने व्याज थोडेच फिटते?

१९३२ पासून ते हरिजन सेवक संघाचे सरचिटणीस. दिल्लीत किंग्जवेला संघाची उद्योगशाळा उभी राहिली. अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या घरांतली मुले तिथे सुतारकाम, शिवणकाम शिकू लागली. ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या झाडूच दिला गेला होता, त्यांच्या हाती रंधा आला. १९५१ च्या जानेवारीत बाप्पांनी देह ठेवला.