जमखंडीचे विठ्ठलराव : महर्षी विठ्ठल रामजी शिंदे



कर्नाटकाचा नकाशा उघडा आणि बेळगावपासून ईशान्येकडे बोट सरकवत न्या. कृष्णेच्या दक्षिणेला जमखंडी हे गाव सापडेल. आज ते बागलकोट जिल्ह्यात आहे. पूर्वी तेथे पटवर्धनांचे संस्थान होते. या गावात २३ एप्रिल १८७३ रोजी विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म झाला. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना महर्षी म्हणू लागला. पुण्या-मुंबईत त्यांनी मोठे काम उभे केले म्हणून आपण त्यांना तिकडचे समजतो. पण ते मूळचे आपल्याच बाजूचे. घरी मराठी आणि गावात कानडी, अशा दोन्ही भाषा ऐकत ते वाढले. पुढे या दोन भाषांच्या जवळिकीवर त्यांनी अभ्यासपूर्ण लेखनही केले.

विठ्ठलरावांचे वडील रामजीबाबा हे पंढरीचे वारकरी. संस्थानात नोकरी करीत. घरात भजन चाले आणि भजनाला येणाऱ्याची जात विचारली जात नसे. आई यमुनाबाईंचा स्वभाव सोशीक आणि प्रेमळ. पुढे घरावर गरिबी आली, पण दारी आलेल्याला परत पाठवायचे नाही हा शिरस्ता मोडला नाही. विठ्ठलरावांवर लहानपणी जो संस्कार झाला तो हाच. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचे लग्नही बालपणीच झाले. पत्नीचे नाव रुक्मिणीबाई.

मॅट्रिक झाल्यावर काही काळ त्यांनी शिक्षकाची नोकरी केली आणि मग पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. पैशाची सदैव ओढाताण असे. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीच्या आधारावर ते १८९८ साली बी. ए. झाले. वकिलीचा अभ्यास सुरू केला होता, पण मन तेथे रमेना. पुण्यात त्यांचा प्रार्थना समाजाशी संबंध आला आणि देव एक, माणसे सारी त्याची लेकरे हा विचार त्यांनी मनापासून स्वीकारला. १९०१ साली ते इंग्लंडला गेले व ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात दोन वर्षे निरनिराळ्या धर्मांचा तौलनिक अभ्यास करून १९०३ साली परत आले. एवढे शिकल्यावर मोठ्या पगाराची नोकरी मिळणे कठीण नव्हते. त्यांनी मात्र मुंबईच्या प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून साधे जीवन पत्करले.

आता त्या काळची परिस्थिती थोडी समजून घेऊ या. ज्यांना अस्पृश्य ठरवले गेले होते त्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नसे. वस्ती गावाबाहेर, बहुधा सखल जागी, जेथे सारी घाण वाहत येई. मेलेली गुरे ओढण्याचे, मैला वाहण्याचे काम त्यांच्याच माथी. आजार पडला तर वैद्य अंगाला हात लावायला तयार नसे. लांबूनच पुडी टाकायची. म्हणजे शिवाशिवीमुळे या माणसांचा नुसता अपमान होत नव्हता, तर ती आजारी पडत होती आणि मरतही होती. पाणी, शिक्षण आणि औषध या तीन गोष्टी जन्मावरून वाटल्या जात होत्या. १९०१ च्या जनगणनेचे आकडे घेऊन विठ्ठलराव बसले, तेव्हा हिंदू समाजातील किती मोठा भाग असा बाहेर ठेवलेला आहे हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी हा प्रश्न दयेच्या दृष्टीने न पाहता अभ्यासाच्या दृष्टीने पाहिला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१९०५ साली ते अहमदनगरजवळ भिंगार येथे गेले होते. तेथील महार बांधवांनी रात्रीच्या वेळी सभा भरवून त्यांना बोलावले आणि आपली दैना त्यांच्यापुढे मांडली. त्या रात्री विठ्ठलरावांनी मनाशी ठरवले की उरलेले आयुष्य याच कामाला द्यायचे.

पुढच्याच वर्षी, १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, मुंबईत परळ येथे एका शाळेने या कामाचा आरंभ झाला. संस्थेचे नाव भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी. डिप्रेस्ड क्लासेस मिशन या नावाने ती अधिक ओळखली गेली. न्यायमूर्ती सर नारायणराव चंदावरकर अध्यक्ष झाले आणि विठ्ठलरावांनी सरचिटणीसपदाची धुरा घेतली. शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी आरंभीच एक हजार रुपयांची देणगी दिली. शिक्षण द्यायचे, कामधंदा मिळवून द्यायचा, सामाजिक अडचणी दूर करायच्या आणि माणुसकीचा धर्म शिकवायचा असे संस्थेचे हेतू होते.

शाळा काढली तरी मूल शाळेत टिकायला हवे. घरात आजारपण, आई गिरणीत, धाकटे भावंड कडेवर, अशी स्थिती असेल तर पाटी-पुस्तक काय कामाचे? म्हणून १९०७ साली मिशनने निराश्रित सेवासदन काढले. येथे स्त्रियांनी पुढाकार घेतला. विठ्ठलरावांच्या भगिनी जनाबाई या त्यांतील प्रमुख. जनाबाईंना सासरी फार छळ सोसावा लागला होता. भावाने त्यांना माहेरी आणले, पुण्यात ठेवून शिकवले आणि त्या या कामात उतरल्या. मिशनच्या कार्यकर्त्या वस्तीत जात, बायकांशी बोलत, आजाऱ्यांची शुश्रूषा करीत. जेथे वैद्य उंबरठ्याबाहेर थांबत होता, तेथे या बायका घरात जाऊन आजाऱ्याच्या उशाशी बसत होत्या. सय्यद अब्दुल कादर आणि त्यांच्या पत्नी कल्याणीबाई यांच्यासारखी माणसेही मिशनमध्ये होती. कामाला लागताना जात-धर्म विचारायचा नाही, हा जमखंडीच्या घरातला नियम मुंबईतही पाळला जात होता.

हळूहळू मिशनच्या शाखा पसरल्या. पुणे, अकोला, इंदूर अशा ठिकाणी काम सुरू झाले. आपल्या कानडी मुलुखात हुबळीला शाखा निघाली. मंगळूरला कुद्मुल रंगराव हे १८९७ पासून स्वतंत्रपणे असेच काम करीत होते. त्यांच्याविषयी विठ्ठलरावांना मोठा आदर होता. मुलींना मुरळी म्हणून देवाला सोडण्याच्या रूढीविरुद्धही मिशनने आवाज उठवला. यल्लम्माच्या नावाने मुली सोडण्याची चाल आपल्या भागाने दीर्घकाळ पाहिली आहे. कर्नाटक राज्याचा तिच्याविरुद्धचा स्वतःचा कायदा व्हायला १९८२ साल उजाडले, हे लक्षात घेतले म्हणजे शिंदे काळाच्या किती पुढे होते हे कळते.

१९१२ साली विठ्ठलराव पुण्यास राहायला आले. भोकरवाडीच्या जागेवर मोठे वसतिगृह आणि शाळा उभारण्याचा त्यांचा मनोदय होता. इंदूरचे तुकोजीराव होळकर महाराज यांनी वीस हजार रुपये दिले आणि त्या वास्तूला अहल्याश्रम हे नाव मिळाले. विठ्ठलराव कुटुंबासह आश्रमातील मुलांमध्येच राहिले. घरची मुले आणि वसतिगृहाची मुले एकत्र वाढली. नातेवाईक आणि जातभाई यांनी नावे ठेवली, पण त्यांनी पर्वा केली नाही.

देशाच्या राजकारणातही हा प्रश्न पुढे यावा म्हणून ते झटले. १९१७ साली कलकत्त्याच्या काँग्रेसने अस्पृश्यता दूर करण्याचा ठराव केला, त्यामागे त्यांची मोठी खटपट होती. मार्च १९१८ मध्ये सयाजीराव महाराजांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत अस्पृश्यता निवारण परिषद भरली. लोकमान्य टिळक या परिषदेत बोलले. परंतु मी स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही अशा आशयाच्या प्रतिज्ञापत्रकावर त्यांची सही झाली नाही. भाषण करणे आणि स्वतःच्या घरापासून आरंभ करणे यांत केवढे अंतर असते, ते विठ्ठलरावांना त्या दिवशी पुन्हा दिसले असेल.

मित्रांनो, आता त्यांच्या चरित्रातील सर्वांत कठीण प्रसंगाकडे येऊ या. १९१९ साली साउथबरो कमिटीपुढे साक्षी झाल्या. त्या वेळी तरुण भीमराव आंबेडकरांनीही साक्ष दिली. आमच्या वतीने इतरांनी बोलू नये, आमचे प्रतिनिधी आमच्यातूनच निवडून यावेत, असा त्यांचा आग्रह होता. मिशनची भूमिका त्यांना मान्य नव्हती. ज्यांच्यासाठी मिशन चालले होते त्या समाजातील शिकलेली मुलेही विचारू लागली होती की संस्था आमची, तर कारभार दुसऱ्यांच्या हाती का? ज्याने ऐन तारुण्य या कामात घातले, त्याला हे ऐकून किती दुखले असेल! रागावून बसणे सोपे होते. आपल्याशिवाय संस्था बुडेल असे म्हणणेही सोपे होते.

विठ्ठलरावांनी तसे केले नाही. १९२३ च्या सुमारास ते मिशनच्या कारभारातून बाजूला झाले आणि सूत्रे त्या समाजातील कार्यकर्त्यांच्या हाती सोपवली. तेव्हा त्यांचे वय अवघे पन्नास होते. संस्था काढणारे पुष्कळ असतात. वेळ येताच ती ज्यांची त्यांच्या स्वाधीन करणारे विरळा.

पुढे काय झाले तेही आपल्या परिसराच्या इतिहासात आहे. १९२४ साली डॉ. आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. एप्रिल १९२५ मध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन आपल्या निपाणीत त्यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्या अधिवेशनात वंचित समाज स्वतःच्या तोंडाने बोलत होता. ज्या वाटेवरचे काटे विठ्ठलरावांनी पूर्वी वेचले होते, त्याच वाटेने पुढची पिढी आपल्या पायांनी चालू लागली होती. वाटेबद्दल दोघांचे मतभेद राहिले, पण जायचे ठिकाण एकच होते.

मिशन सोडल्यावरही विठ्ठलराव स्वस्थ बसले नाहीत. १९२४ साली ते वायकोमच्या सत्याग्रहाच्या ठिकाणी गेले. शेतकऱ्यांच्या परिषदा घेतल्या. १९३० च्या सविनय कायदेभंगात त्यांना सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि येरवड्याच्या तुरुंगात त्यांची प्रकृती ढासळली. १९३३ साली भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अखेरची वर्षे आजारपणात आणि एकाकीपणात गेली. एका बाजूला उच्चवर्णीयांची नाराजी, दुसऱ्या बाजूला स्वजातीयांची, आणि ज्यांच्यासाठी झिजले त्यांच्यातीलही काहींचा दुरावा. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. अवघ्या सहा वर्षांनी, १९५० साली, भारतीय संविधान अमलात आले आणि त्याच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता कायमची बेकायदा ठरवली.

विद्यार्थ्यांनो, शाळेत आरोग्य तपासणी होते तेव्हा सारी मुले एकाच रांगेत उभी राहतात. एकाच नळाचे पाणी पितात. डॉक्टर प्रत्येकाच्या छातीला तीच नळी लावतात. यात विशेष ते काय, असे तुम्हाला वाटेल. ही साधी रांग उभी राहावी म्हणून कित्येकांनी आयुष्य वेचले आहे. वर्गात कोणी डबा बाजूला घेऊन बसत असेल, कोणाला नावाने नव्हे तर जातीने किंवा भाषेने हाक मारली जात असेल, तर ती रांग अजून पुरी झालेली नाही असे समजा आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा.

पालकांनी आणि संस्थाचालकांनीही या चरित्रातून एक गोष्ट घ्यावी. सीमाभागातील आपल्या शाळा लोकांच्या वर्गणीतून आणि श्रमातून उभ्या राहिल्या आहेत. ज्यांच्या मुलांसाठी त्या आहेत, त्यांपैकी किती जणांना बैठकीत बोलायला जागा आहे? एकदा मोजून पाहावे. जमखंडीच्या विठ्ठलरावांनी सर्वांना घरात घेतले आणि योग्य वेळी किल्ली त्यांच्याच हाती दिली. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.